नियम बघून सांगतो

ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये ‘रूट ५३ रिझॉल्व्हर डीएनएस फायरवॉल’ नावाचा पहारेकरी असतो. कुठल्या डोमेनची चौकशी पुढे जाऊ द्यायची, हे तो नियम पाहून ठरवतो. ज्या नियमाचा प्राधान्य क्रमांक लहान, त्याला आधी विचारायचं. अडवण्याच्या तऱ्हा मात्र अस्सल सरकारी. ‘नोडेटा’ म्हणजे साहेब आहेत, पण हाती काही लागणार नाही. ‘एनएक्सडोमेन’ म्हणजे या नावाचे साहेबच इथे नाहीत. तिसऱ्या तऱ्हेत तुम्हाला परस्पर भलत्याच टेबलाकडे धाडतात. ‘अलर्ट’ त्यातल्या त्यात मवाळ: जाऊ देतो, फक्त वहीत नोंद करतो.

आता हे नियम धुंडाळायला एआय एजंटच्या हाती साधन आलं आहे. बरंच झालं म्हणायचं. ‘टेम्प-डू-नॉट-डिलीट’ नावाचा नियम कोणी आणि कशासाठी घातला, हे ऑफिसात कोणालाच ठाऊक नसतं. ज्याला ठाऊक होतं तो केव्हाच नोकरी सोडून गेलेला. एजंट तो क्षणात शोधतो आणि अदबीने कळवतो, “हा नियम तात्पुरता असून तो काढू नये, असे नावावरून दिसते.”

खरी गंमत पुढेच आहे. डीएनएसच्या चौकश्यांत दडवून माहिती बाहेर नेता येते, म्हणून तर हा पहारा बसवला. आणि कुठली फट उघडी, याची यादी आता ज्याच्या हाती दिली, तो एजंट परक्या ईमेलमधल्या एखाद्या ओळीनेही फितू शकतो. काळजी नको, त्याला फक्त वाचायची परवानगी आहे, असं सुरक्षा विभाग ठासून सांगतो. फितुराने तरी याहून जास्त काय मागितलं असतं?