उसातला बिबट्या मेणबत्तीने काढण्याची कृती

साहित्य : चित्रकलेच्या वहीचा जाड कागद, पांढरी मेणबत्ती, हिरवा आणि निळा जलरंग, रुंद ब्रश, भरपूर पाणी आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभं राहू शकणारं एक मोठं माणूस. ही शेवटची वस्तू दुर्मीळ आहे. नारायणगावच्या बाजारात मिळत नाही, मंचरलाही नाही. मेणबत्ती मात्र घरोघरी असते, वीज गेलेल्या रात्रींतून उरलेली. तिचे बोटाएवढे तुकडे करा. पेटवायची नाही हे मुलांना बजावा आणि काडेपेटी तरीही वरच्या फळीवर ठेवा. वाढदिवसाची बारीक मेणबत्ती नको. पहिल्याच रेघेला मोडते आणि मग रडारड.

कागद पातळ नसावा. जुन्नरचा हातकागद एके काळी नावाजलेला होता. शाई फुटू नये म्हणून हातकागदाला खळ लावायची आणि तो घोटायचा, अशी रीत असे. म्हणजे कागदावर ओल कुठे थांबवायची, हा विचार या गावाला नवा नाही. आपण खळीऐवजी मेण वापरतोय, एवढंच.

आता मुलाला सांगा, बिबट्या काढ. कसा, ते सांगू नका. जुन्नर वनविभागाच्या चार तालुक्यांत पाच वर्षांच्या पोराचंही बिबट्याबद्दल स्वतःचं मत असतं. ऊसतोडणीत पिल्लं सापडतात, त्यांना पुन्हा आईपाशी सोडतात, माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, हे सगळं त्याच्या कानावर असतं. तुम्ही फक्त मेणबत्ती दाबून फिरवायला सांगा. हलक्या हाताने ओढली तर रेघ तुटक उमटते.

पांढऱ्यावर पांढरं काहीच दिसत नाही, हा या प्रकाराचा सर्वांत मोठा गुण. न दिसणारं चित्र दुरुस्त करता येत नाही. ‘शेपटी केवढी लांब केलीस’, ‘कान राहिले की’ ही वाक्यं मोठ्यांच्या तोंडातच विरतात.

‘‘बाई, झाला.’’

‘‘कुठंय?’’

‘‘उसात हाये.’’

पुढे काही विचारू नये. उत्तर बरोबर आहे.

मग रंग. हिरवा चांगला पातळ करा आणि ब्रश वरून खाली एकदाच फिरवू द्या. मेण पाण्याला थारा देत नाही. रंग त्यावरून घसरतो, थेंब होऊन थांबतो, बाजूच्या कोऱ्या कागदात मुरतो आणि पांढरा बिबट्या बाहेर येतो. पोस्टर कलर दाट घेतलात तर तो मेणासकट सगळं झाकून टाकतो. ब्रश पुन्हा पुन्हा घासलात तर कागदाचा लगदा. नेमका याच वेळी ‘थांब, मी दाखवतो’ म्हणत मोठ्यांचा हात सुटतो. पाठीमागे, पाठीमागे!

ठिपक्यांची मात्र गोची आहे. मेणाखालचा कागद पांढराच राहतो, त्यामुळे ठिपकेही मेणबत्तीने काढले तर हिरव्या अंगावर पांढरे ठिपके असा उलटा प्राणी तयार होतो. वनविभागाची हरकत नसावी. अस्सल ठिपकेच हवे असतील तर काळा मेणखडू द्या, पाणी त्यालाही टाळतं.

एखाद्या मुलाला बिबट्या नको असेल तर आग्रह करू नका. इथल्या काही घरांत ती भीती ऐकीव नाही. त्याला निळा रंग द्या आणि भीमाशंकरचा पाऊस काढू द्या : तिरप्या रेघा, हव्या तितक्या. खोडदच्या मुलाला तिथल्या रेडिओ दुर्बिणीची तबकडी काढायची असेल तर उत्तमच; ४५ मीटर व्यासाची वस्तू वहीच्या पानावर मावत नाही, ही त्याची तक्रार रास्त समजावी.

सगळा रंग देऊनही पान नुसतं हिरवंच राहिलं, तर मेणबत्ती दाबली गेली नव्हती किंवा रंगवताना कागद उलटा झाला. मुलाला विचारलंत तर ते सांगेल, बिबट्या निघून गेला. मान्य करा. पंचनामा करत बसू नका.