शेजारी मेला, चर एकच

ओएसपीएफ हा वाट शोधायचा प्रोटोकॉल लावलेला राऊटर साधारण दर 10 सेकंदांनी शेजारच्या राऊटरला विचारतो, आहेस ना बाबा? 40 सेकंद उत्तर आलं नाही की त्याला मेलेला धरतो आणि दुसरी वाट शोधतो. निलंग्यात एवढी चौकशी फक्त उसने पैसे दिलेला माणूस करतो.

वाट शोधायचं गणित डाइक्स्ट्रा यांनी 1959 साली छापलं, त्याला तोड नाही. फक्त दुसरी वाट असायला पाहिजे. निलंग्याहून औराद शहाजानीकडं एकच तार गेली असेल तर गणित काय दिवे लावणार? 2023 साली मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये, म्हणजे गावोगावी इंटरनेट नेणाऱ्या सरकारी योजनेत, तालुका ते ग्रामपंचायत तारेचं कडं करायचं ठरलं. एक बाजू तुटली तर दुसरीकडून जाता येतं. नकाशावर कडं गोलच दिसतं हो! पण खर्च वाचवायला दोन्ही बाजू एकाच चरात पुरल्या, तर जेसीबीचा एकच दात दोघींना पुरतो. मग सातबारा काढायला आलेला माणूस ‘सर्व्हर डाऊन’ ऐकतो, निलंगा राईस खातो आणि गावी परततो.

तेव्हा कॉन्फिगरेशन करणाऱ्या भाऊंनो, कमांड टाकायच्या आधी एकदा चर बघून या.