किल्ली घ्या, किल्ली!

लेस अर्नेस्ट यांनी 1971 मध्ये स्टॅनफर्डच्या एआय लॅबसाठी ‘फिंगर’ हा प्रोग्राम लिहिला. नाव टाका, की माणूस कोण, शेवटचं लॉगिन कधी, सगळं हजर. शिवाय त्याच्या ‘प्लॅन’ फाइलीतला मजकूरही. साहेब जागेवर नसतील तर गेले कुठे, हे कळावं म्हणून.

1991 मध्ये फिल झिमरमन यांचं पीजीपी हे ईमेल कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर आलं आणि गुप्ततेच्या भक्तांनी आपापली सार्वजनिक किल्ली (म्हणजे इतरांनी आपल्यासाठीचं पत्र कुलूपबंद करायची ती) याच फाइलीत डकवली. ईमेलखाली ऐटीत सूचना: ‘किल्लीसाठी फिंगर करा.’ आता गंमत बघा. कुणी आपली पत्रं वाचू नयेत म्हणून हा सारा खटाटोप, आणि किल्ली मागवायची पोर्ट 79 वरून, उघड्या मजकुरात, ना सही ना शिक्का! वाटेत कुणी ती बदलली, तर तुमचं गुपित व्यवस्थित कुलूपबंद होऊन थेट त्याच्याच हाती. (1988 मध्ये मॉरिस वर्म हा इंटरनेटवर पसरलेला उपद्रवी प्रोग्राम ज्या वाटांनी संगणकांत शिरला, त्यातली एक फिंगरचीच. पण लक्षात कोण ठेवतो?)

फिंगर पुढे बहुतेकांनी बंद केलं. किल्ली खरी कुणाची, हे मात्र आजही फोन करून, किल्लीच्या ठशातलं (फिंगरप्रिंटमधलं) अक्षर न् अक्षर जुळवूनच पाहावं. तेवढा कंटाळा येत असेल, तर सरळ पोस्टकार्ड टाका. निदान पोस्टमन तरी ओळखीचा असतो.