स्मार्ट काठी कशी बनवावी: शेवटच्या वर्षात नव्यानेच आलेल्यांसाठी

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात आल्याबद्दल अभिनंदन. आता प्रोजेक्ट करावा लागेल. विषय शोधत बसू नका, अंधांसाठी स्मार्ट काठी घ्या. दरवर्षी घेतात, त्यामुळे सीनियर्सचा रिपोर्ट आयता मिळतो. शिवाय विषय समाजोपयोगी, म्हणजे एक्स्टर्नल परीक्षकालाही नावं ठेवायला जीभ रेटत नाही. सामान पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत होतं. दुकानदाराला नुसतं ‘काठीचं सामान’ म्हणा. आर्डुइनो, अल्ट्रासॉनिक सेन्सर, बझर, जंपर वायरी असं सगळं तो न विचारता पिशवीत भरतो. ‘कोड पण देऊ का?’ असं विचारलं तर लाजू नका.

आधी ग्रुप जमवा. चारजण लागतात, त्यातला एक काम करणारा असावा. तो बहुधा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला असतो. त्याच्या हाताला सोल्डरिंगची सवय असते, मल्टिमीटर कुठे लावायचा ते त्याला पाहताक्षणी कळतं, आणि इंग्रजीत बोलायची वेळ आली की तो खाली बघतो. असा मुलगा मिळाला तर सोडू नका. त्याला बेंचवर बसवा आणि प्रेझेंटेशनला मागे उभा करा. सर्किट त्याचं, आवाज तुमचा. मराठीतून इंजिनिअरिंग शिकायला 2021 पासून परवानगी आहे, पण ती तुमच्या व्हायव्हाच्या खोलीपर्यंत अजून पोहोचलेली नाही. तेवढा फायदा घ्या.

ग्रुपमध्ये एक मुलगी असलेली बरी. मुलींचं अक्षर चांगलं असतं असं समजून तिला रिपोर्ट आणि पीपीटी द्या. तिने ड्रिल मशीन मागितलं तर ‘अगं, हात कापेल’ म्हणा. यात काळजीही दिसते आणि मशीनही तुमच्याकडेच राहतं. खरं काम संध्याकाळी सातनंतर ठेवा. मुलींच्या होस्टेलचं गेट तोवर बंद होतं, मुलांचं होत नाही. मग ‘ती कधी थांबतच नाही’ असं तुम्ही अगदी खरं सांगू शकता. एआयसीटीईच्या प्रगती शिष्यवृत्तीत मुलीला इंजिनिअर होण्यासाठी वर्षाला 50,000 रुपये मिळतात. तुम्ही तिला फॉन्टचा साइज ठरवायला द्या.

आता गाईड. गाईड कसे असावेत हा नाजूक प्रश्न आहे, कारण ते बहुतेक वेळा असतातच कुठे? त्यांना हसू नका. बिचाऱ्यांकडे अनेक ग्रुप, परीक्षेची ड्यूटी, उन्हाळ्यात ॲडमिशनचं काउन्सेलिंग, आणि एनबीएची फाइल. भारत 2014 साली वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, त्यामुळे एनबीएने मानांकन दिलेल्या काही अभ्यासक्रमांना बाहेरच्या सदस्य देशांतही किंमत आली. त्या मानांकनासाठी प्रत्येक विषयातून विद्यार्थ्यात कोणते गुण उतरले ते तक्त्यात 1, 2, 3 असे आकडे टाकून दाखवावं लागतं. ‘सांघिक काम’ हा त्यातलाच एक गुण. तुमच्या ग्रुपला तिथे 3 मिळणार आहेत. एकच काळजी घ्या: ‘हे नक्की कोणासाठी करताय? त्यांच्याशी बोललात का?’ असं विचारणाऱ्या मॅडम कॉलेजात असतील तर त्यांना गाईड म्हणून मागू नका. त्यांच्याकडे गेलेले ग्रुप डिसेंबरमध्येही विषयच बदलत असतात.

लॉगबुक भरायची एक पद्धत आहे. दर आठवड्याला गाईडना भेटल्याच्या नोंदी सेमिस्टरच्या शेवटी एका दुपारी करा, पण निळं, काळं आणि जेल अशी पेनं बदलत राहा. चौथ्या आठवड्यात ‘सरांनी साहित्याचा आढावा घ्यायला सांगितला’ आणि नवव्यात ‘सरांनी कोडमध्ये सुधारणा सुचवली’ लिहा. सही मात्र सगळ्यांवर एकदमच होते, तेवढं कोणी बघत नाही.

प्रोजेक्टमधून शिकणं हे परदेशी फॅड आहे असं कोणी म्हणालं तर वाद घालू नका. डेन्मार्कच्या आल्बोर्ग विद्यापीठात 1974 पासून विद्यार्थ्यांचा मोठा वेळ प्रोजेक्टमध्ये जातो, हे खरं. पण 1937 साली वर्ध्याला गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाची योजना मांडली होती. आणि पुण्याजवळ पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला. शाळेत न रमलेली मुलं तिथे वेल्डिंग, बांधकाम, शेती आणि वायरिंग करत शिकतात, आणि गावातल्या माणसाला लागणारी वस्तू बनवतात. तुम्ही पाबळला जाऊ नका. तिथे वस्तू वापरणारा समोरच उभा असतो आणि ती चालली नाही तर तोंडावर सांगतो.

काठी बनवायला सोपी आहे. बाजारात मिळणारी पांढरी काठी हलकी आणि घडीची असते, एसटीत मांडीवर मावते. ती घेऊ नका, पीव्हीसीचा पाइप घ्या. सेन्सर पाइपच्या खालच्या टोकाशी लावा. तो 40 किलोहर्ट्झचा, म्हणजे कानाला न ऐकू येणारा आवाज सोडतो, प्रतिध्वनी परत यायला लागलेला वेळ मोजतो आणि त्यावरून अंतर काढतो. दोन सेंटिमीटरपासून चार मीटरपर्यंत तो चालतो असं डेटाशीटमध्ये लिहिलेलं असतं. जमिनीलगतचा दगड त्याला दिसेल. तो दगड साध्या काठीलाही टेकवल्यावर कळतो, पण तसं रिपोर्टमध्ये लिहायचं नसतं. माणसाला खरी भीती असते ती कमरेच्या वरच्या गोष्टींची: लोंबकळणारी फांदी, ट्रकमधून मागे आलेल्या सळया, गल्लीत उघडलेली खिडकीची झडप. काठी खाली फिरते, कपाळ वर असतं. दिल्लीच्या आयआयटीत हेच पकडून ‘स्मार्टकेन’ बनली. तिचा सेन्सर गुडघ्याच्या वरचे अडथळे शोधतो, आणि काठी आवाज करत नाही, मूठ थरथरते. त्यांनी अंध वापरणाऱ्यांना बरोबर घेऊन वर्षानुवर्षं बदल केले, आणि 2014 मध्ये ती बाजारात आणली. तुमच्याकडे एवढी वर्षं नाहीत, सबमिशन आहे.

म्हणून बझर लावा. मोठा लावा. रस्ता ओलांडताना अंध माणूस रिक्षाचा आवाज, बसचा ब्रेक, सिग्नलला थांबलेली इंजिनं ऐकून चालतो, आणि त्याच वेळी हातात भोंगा वाजत राहिला तर त्याचे कान गेले. पण डेमोच्या खोलीत रिक्षा नसते. शिवाय टोकाला पाण्याचा सेन्सर बसवा. काठी डबक्यात बुडाली की ती कळवते की पुढे डबकं आहे. एक्स्टर्नलना हे फीचर फार आवडतं.

मऊ कापड आवाज शोषून घेतं, तिरकी काच तो दुसरीकडे परतवते, त्यामुळे साडी नेसलेल्या आजी आणि दुकानाचं काचेचं दार या सेन्सरला नीट दिसत नाहीत. तेव्हा डेमोत तळहात सपाट धरा, अगदी समोर. सराव घरीच करून या.

लॅब तिसऱ्या मजल्यावर असते आणि लिफ्टवर ‘फक्त स्टाफसाठी’ लिहिलेलं असतं, हे आपल्या फायद्याचं. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे, सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव ठेवायला तो सांगतो, पण जिना चढून कोणी काठी मागायला येईल ही शक्यता कमीच. रिपोर्टच्या पहिल्या पानावर मात्र ‘सर्वसमावेशक तंत्रज्ञान’ हे शब्द ठळक टाका.

तरी चुकून प्रदर्शनात एखादी अंध मुलगी आलीच, आणि तिने काठी हातात घेतली, तर घाबरू नका. ती दोन पावलं चालेल, पाइप कानाशी नेऊन बझर ऐकेल आणि विचारेल, ‘दादा, हा बंद कुठून होतो?’ मग बोटांनी सेन्सर चाचपेल आणि म्हणेल, ‘हा वर लावा ना.’ डिप्लोमावाला लगेच स्क्रूड्रायव्हर काढेल, ग्रुपमधली मुलगी वहीत लिहायला घेईल. दोघांना अडवा. आता हात लावलात तर कोड बिघडेल, फोटो बदलतील, आकृती 4.2 पुन्हा काढावी लागेल. त्या अंध मुलीचं म्हणणं शेवटच्या प्रकरणात ‘भविष्यातील व्याप्ती’ या मथळ्याखाली टाका, जीपीएस आणि एआयच्या खाली, एका ओळीत. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं, चार प्रती. बाइंडिंगवाल्याकडे मार्चअखेर रांग असते, सकाळी लवकर जा.