देवही जिथे मुक्काम करत नाहीत

पेण आणि रोहा ही दोन्ही गावे सरकारदरबारी रायगड जिल्ह्यात असली, तरी मराठी माणसाच्या डोक्यात ती ‘वाटेत’ नावाच्या तालुक्यात मोडतात. अलिबागला जाताना पेण लागते, रेल्वेने गोव्याला जाताना रोहा लागते. ठेच लागावी तसे. या उपेक्षेबद्दल हळहळणारे लोक म्हणतात की, इथे दोन दिवस राहून निवांत पाहायला हवे. माझे म्हणणे उलटे आहे. ही गावे अर्ध्या दिवसातच पाहावीत, कारण इथे कोणीच फार काळ थांबत नाही, आणि यजमानाची रीत मोडणे पाहुण्याला शोभत नाही.

पेणचेच पाहा. गावाची सगळी कीर्ती गणपतीच्या मूर्तींवर, आणि मूर्ती घडते ती जाण्यासाठीच. शाडूसुद्धा इथला नव्हे; तो गुजरातेतून येतो, चार-सहा महिने पेणला थांबतो आणि सोंड, सुपाएवढे कान घेऊन पुढे मुंबईला जातो. परदेशी जाणारे गणपती तर भाद्रपदाच्या कित्येक महिने आधी जहाजात बसतात. हमरापूर, जोहे, कळवे या गावांत कारखाने जवळजवळ वर्षभर चालतात. त्यांतल्या एखाद्यात पावसाळ्याच्या तोंडावर डोकवावे. साच्यातून निघालेले, अजून रंग न लागलेले शेकडो देव फळ्यांवर ओळीने बसलेले असतात. डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी, आणि तीही कसलेल्या हाताची. तोवर त्या शेकडोंपैकी एकाचेही तुमच्याकडे लक्ष नसते. पापी माणसाला इतके निर्धास्त देवदर्शन दुसरीकडे मिळणे कठीण. आखणी झाल्यावर मात्र भावाची घासाघीस करताना जरा अवघडल्यासारखे होते. मुंबईकर ‘पेणचाच आहे ना?’ असे विचारून जो गणपती आणतो, त्याला पेणमध्ये कायमचे राहण्याची सोयच नाही.

माणसांची तीच गत. विनोबा भावे 1895 साली पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मले आणि 1951 पासून भूदानासाठी वर्षानुवर्षे देशभर पायी हिंडले. आज या गावी, उद्या पुढच्या. पेणच्या मातीचा गुण, दुसरे काय! (माती गुजरातची, हे वर आलेच आहे.) पांडुरंगशास्त्री आठवले 1920 साली रोह्यात जन्मले, त्यांचा स्वाध्याय देशोदेशी पोचला. रोह्याला तर मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. एवढी मोठी सरहद्द, पण कोकणच्या कित्येक गाड्या ती न थांबताच ओलांडतात.

यावर जाणकार रोहेकर धावीर महाराजांचे नाव घेईल. ग्रामदैवत आहे, घट्ट बसून आहे, आणि दसऱ्याच्या उत्सवात पोलीस बंदुकीनिशी मानवंदनाही देतात. मान्य. पण त्याच उत्सवात महाराज पालखीत बसून गावभर फिरतात. म्हणजे जो देव राहिला, त्यालाही बाहेर पडावेसे वाटते. मग कोणी कुड्याची लेणी पुढे करील. सव्वीस आहेत, आणि अर्ध्या दिवसात उरकणार नाहीत, हे खरे. परंतु लेणे हा प्रकारच मुळात पायी हिंडणाऱ्या भिक्षूंना पावसाळ्यात टेकता यावे म्हणून सुरू झाला. अवचितगडापुढे मात्र मी हात टेकतो. चढणाऱ्याने खुशाल मुक्काम करावा. त्याचे गुडघे तसेही परतू देणार नाहीत.

सगळ्यात बोचरा आक्षेप असा की, हे महामार्गाच्या दुखण्याला तत्त्वज्ञानाची झूल चढवणे झाले. मुंबई-गोवा रस्त्याचे चौपदरीकरण इकडच्या टप्प्यात 2011 साली सुरू झाले. तेव्हापासून इथे थांबणे प्रवाशाच्या मर्जीवर कुठे राहिले होते? आक्षेपात तथ्य आहे. पण सक्तीने थांबलेल्यांनीही वडखळच्या आसपास खड्डे मोजण्यापलीकडे काही पाहिले नाही, हा दोष रस्त्याचा नव्हे. तेवढ्या वेळात पेणच्या बाजारात पोहे, पापड आणि मिरगुंडे घेऊन होतात.

मात्र मिरगुंडांच्या पिशवीवर काही ठेवू नये, आणि मूर्ती घेतलीच तर ती मांडीवर घ्यावी. म्हणजे गाडी चालवायला दुसरा माणूस हवा.