धुराचा पत्ता बदलला आहे

ठाकुर्लीला फास्ट गाडी थांबत नाही. पण एक काळ असा होता की फास्ट गाड्या ठाकुर्लीच्याच जिवावर पळत होत्या. १९२०च्या दशकाच्या अखेरीस ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने इथे चोळ्याच्या शिवारात कोळशावर चालणारं वीजघर बांधलं. कल्याणहून पुण्याकडे आणि इगतपुरीकडे विजेची इंजिनं धावू लागली ती या वीजघराच्या भरवशावर. १ जून १९३०ला डेक्कन क्वीन सुरू झाली. पुण्याच्या रेसला निघालेले साहेब आणि मडमा खुशाल खिडकीत बसून घाट चढू लागले, तरी पांढऱ्याशुभ्र कपड्यांवर कोळशाचा कण पडेना. सुधारणा म्हणतात ती हीच. कण पडत होताच, फक्त तो ठाकुर्लीत पडत होता.

ऐंशीच्या दशकात ते वीजघर बंद पडलं. लोकांच्या तोंडी ‘पॉवर हाऊस’ हे नाव तेवढं राहिलं. पुढे २०११ साली रेल्वेच्या अर्थसंकल्पात याच ठाकुर्लीला ७०० मेगावॉटचं गॅसवरचं वीजघर जाहीर झालं. वर्तमानपत्रांत मथळे आले. गॅस आला नाही.

आणि अशा रीतीने ठाकुर्लीकर हवामान बदलावर भांडायला मोकळे झाले. दारात धुराडं असतं तेव्हा या विषयावर मतभेद होत नाहीत. खोकला वादविवादाला वेळ देत नाही. मतभेद रंगायला धूर निदान सातआठशे किलोमीटर लांब हवा, आणि आपला तेवढा लांब आहे. तो चंद्रपूरला आहे, २९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रात. तो नागपूरजवळ कोराडीला आहे, जिथे जुलै २०२२मध्ये राखेचा बंधारा फुटला आणि राखेचं पाणी लोकांच्या शेतात शिरलं. त्याच कोराडीत आणखी ६६० मेगावॉटचे दोन संच बसवायचे म्हणून मे २०२३मध्ये जनसुनावणी झाली. बाजूने लोक बोलले, विरोधात बोलले, बंदोबस्त होता, ऊन मी म्हणत होतं. ठाकुर्लीहून त्या सुनावणीला कुणी गेल्याचं ऐकिवात नाही. आपण फक्त त्या विजेवर एसी लावून टीव्हीवर ‘विदर्भात उष्णतेची लाट’ ही बातमी पाहिली आणि म्हणालो, ‘बापरे, कसे राहतात हो हे लोक?’

या धुराचा ठाकुर्लीत एकच पत्ता उरला आहे. तो विजेच्या बिलावर आहे. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार यांच्या पाठोपाठ एक ओळ येते: इंधन समायोजन आकार. कोळसा महागला, परदेशातून आणावा लागला, बाजारातून चढ्या भावाने वीज घ्यावी लागली, की ही ओळ फुगते. तिच्याखाली १६ टक्के वीज शुल्क. आमच्याकडे बिलाची एकूण रक्कम बघून ओरडायची पद्धत आहे. ओळी कुणी वाचत नाही. मी एकदा एका गृहस्थांना ही ओळ दाखवली. ते जागतिक तापमानवाढ हे गोऱ्यांचं थोतांड आहे या मताचे. त्यांनी चष्मा पुसून ती ओळ नीट वाचली आणि म्हणाले, ‘हे बघा, इथेसुद्धा लुटतात.’ तर दोन मिनिटांपुरते आम्ही दोघे पर्यावरणवादी होतो.

आता सोसायटीकडे वळू. कारण ऊर्जा संक्रमणाचं जे काही व्हायचं ते ग्लासगोत किंवा दिल्लीत होत नाही, वार्षिक सर्वसाधारण सभेत होतं. ग्लासगोत २०२१ साली पंतप्रधानांनी २०७०पर्यंत देश नेट झिरो होईल असं सांगितलं. आमच्या सोसायटीने गच्चीवर सोलर बसवायचा विषय कोरम नसल्यामुळे एकदा आणि कोरम असल्यामुळे एकदा पुढे ढकलला आहे. या हिशेबाने २०७० ही तारीख मला घाईची वाटते.

प्रस्ताव साधा आहे. लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे यांचं कॉमन मीटरचं बिल दर महिन्याला मेंटेनन्स खातं. गच्चीवर पॅनेल बसवली तर या भागात एका किलोवॉटमागे दिवसाला साधारण चार युनिट मिळतात, पावसाळ्यात कमी. केंद्राच्या सूर्यघर योजनेत सोसायटीला सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. ज्याचं स्वतःचं घर, स्वतःचं छप्पर आहे त्याला तीन किलोवॉटला ७८ हजार. योजना आखणाऱ्याला बहुधा गावातलं कौलारू घर दिसत असावं. ठाकुर्लीतल्या माणसाने वीस वर्षं हप्ते भरून जे घेतलं आहे त्याला चार भिंती आहेत, छप्पर नाही. त्याच्या डोक्यावर वरच्यांची फरशी आहे. गच्ची सगळ्यांची, म्हणून कुणाचीच नाही. तिथे पाण्याच्या टाक्या, डिशच्या छत्र्या आणि एका काकूंचे उन्हाळी पापड असतात, आणि त्या पापडांना कुठल्याही किलोवॉटपेक्षा जास्त वहिवाट आहे.

तर सभेत प्रस्ताव वाचला गेला आणि पक्ष पडले. सर्वांत वरच्या मजल्यावरचे उभे राहिले. त्यांचं म्हणणं, पॅनेलसाठी भोकं पाडणार, वॉटरप्रूफिंग जाणार, पाणी आमच्या बेडरूममध्ये येणार. या म्हणण्याला हसू नये. ठाकुर्लीत २०१५च्या जुलैत इमारत कोसळून माणसं गेली आहेत. जुन्या स्लॅबवर वजन म्हटलं की इथे पोटात गोळा येतो, आणि तो अहवाल वाचून जात नाही. पण स्ट्रक्चरल ऑडिट करू म्हटल्यावर हेच लोक म्हणाले, ऑडिटला पैसे कशाला?

मग ज्येष्ठांचा पक्ष. ‘ऊन आमच्याही वेळी होतं.’ यावर उत्तर नसतं, कारण होतंच. ‘पाऊसही होता, २६ जुलै आम्ही पाहिलाय.’ तोही पाहिला. प्रत्येक आपत्ती ही आमच्याकडे हवामान बदलाचा पुरावा न होता आपण किती सोसलं याचा दाखला होते. २०१९ साली महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली, बोटी घालून प्रवासी काढावे लागले. त्यावर आमच्या एका शेजाऱ्यांचं निरीक्षण असं की पूर्वी गाड्या वेळेवर तरी असायच्या.

नंतर आयटीतला तरुण उठला. त्याच्याकडे आकडे होते. ‘चीन किती कोळसा जाळतो माहितेय? आपल्या चार पॅनेलनी काय फरक पडणार?’ टाळ्या. हा मुद्दा आमच्याकडे कायम टाळ्या घेतो. भारतातल्या एका माणसामागे वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो आणि अमेरिकेतल्या माणसामागे चौदा टनांच्या आसपास, हे खरं आहे, आणि दिल्लीने जगाला ते ठणकावून सांगितलंच पाहिजे. पण पंप चालवायला अमेरिका येत नाही. शिवाय जो देश सर्वांत जास्त कोळसा जाळतो तोच सर्वांत जास्त सोलरही बसवतो आणि पॅनेलचा बाजारही त्याच्याच हातात आहे. चीनचं उदाहरण द्यायचंच तर पुरतं द्यावं. अर्धं उदाहरण फार स्वस्त पडतं.

मानणाऱ्यांचाही पक्ष होता. त्यात मी होतो, म्हणून त्याची सालटी जरा जपून काढतो. एक ताई तळमळीने बोलल्या. पृथ्वी, पुढची पिढी, सगळं आलं. त्यांच्याकडे एसी अठरावर असतो आणि झोपताना दुलई असते. दुसरे एक गृहस्थ दर पावसाळ्यात वृक्षारोपणाला जातात, दोन गाड्या करून, कारण एकीत फोटोवाले मावत नाहीत. आमच्या पक्षाची गोची ही की आम्हाला हवामानाची काळजी खरोखर आहे, पण ती रविवारी आहे. सोमवारी सकाळी पावणेआठच्या लोकलला जी काळजी असते तिच्यात हवामान बसत नाही. तिच्यात पायसुद्धा बसत नाही.

खरा मुद्दा सभेत एकानेच काढला, पंप चालू-बंद करणाऱ्या वॉचमनने. त्याला मत नाही म्हणून तो दारात उभा होता. तो म्हणाला, ऊन दिवसा असतं आणि पंप पहाटे न् रात्री चालतो. झालं. विजेच्या क्षेत्रातले जाणकार ज्या प्रश्नावर डोकं आपटत आहेत तो प्रश्न हाच आहे. सूर्य ऑफिसच्या वेळेत कामावर येतो, तेव्हा ठाकुर्लीकर फोर्टात असतो. तो घरी येऊन पंखा, टीव्ही आणि मिक्सर लावतो तेव्हा सूर्याची शिफ्ट संपलेली असते, आणि कामाला चंद्रपूरच येतं. देशाची निम्मी स्थापित क्षमता आता बिगर-जीवाश्म झाली, ही २०२५ सालची घोषणा खरी आहे. आणि प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळसाच आहे, हेही खरं आहे. लग्नपत्रिकेवर छापलेली नावं आणि पंगतीत वाढायला उभे राहिलेले हात, एवढाच यातला फरक. सोसायटीपुरती नेट मीटरिंगने ही अडचण सुटते, कारण दिवसा दिलेली युनिटं रात्रीच्या वापरातून वजा होतात. देशापुरती ती साठवणुकीशिवाय सुटत नाही. वॉचमनला हे समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, ‘मग पंप दुपारी लावू ना.’ हा ठराव मात्र कुणीच मांडला नाही. दुपारी पाणी येत नाही.

मीटरवरून आठवलं. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर घरगुती ग्राहकाला सवलत देणारे टीओडी मीटर आले आहेत. कल्पना बरी आहे, ऊन असेल तेव्हा वीज वापरा. पण त्याआधी स्मार्ट प्रीपेड मीटरवरून राज्यभर एवढा भडका उडाला होता की जून २०२४मध्ये सामान्य ग्राहकांना ते लावणार नाही, असं देवेंद्र फडणवीसांना जाहीर करावं लागलं. तेव्हापासून मीटर बदलायला माणूस आला की आमच्याकडे आधी दार लावतात, मग कशाचा मीटर ते विचारतात. हा अडाणीपणा नाही. ज्याच्या नावाने आजवर फक्त बिल आलं, त्याच्याकडून सवलत येतेय यावर विश्वास बसायला वेळ लागतो. धूर सरकवताना ज्यांना विचारलं नाही, त्यांनी सूर्य आणताना हार घेऊन उभं राहावं ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

आणि हे आजचं नाही. ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली. त्या काळात मुंबईला मोठी वीज मिळायची ती टाटांच्या जलविद्युत केंद्रांतून, सह्याद्रीतलं पाणी खाली सोडून. धूर नाही, राख नाही, आजच्या भाषेत शंभर टक्के हरित. खोपोलीचं केंद्र १९१५चं. नंतरच्या एका केंद्रासाठी मुळशीला धरण निघालं तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांची भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. १९२१ साली सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले. धरण झालंच, भिऱ्याला वीज झालीच. म्हणजे स्वच्छ ऊर्जेवरचा मराठी माणसाचा पहिला जाहीर मतभेद शंभरी ओलांडून गेला, आणि त्यात मुद्दा ऊर्जा स्वच्छ आहे की नाही हा नव्हताच. जमीन कुणाची बुडते, हा होता. नंतर साताऱ्या-सांगलीच्या पठारांवर पवनचक्क्या आल्या तेव्हा त्या पाऊस पळवतात अशी ओरड झाली. शास्त्र म्हणून ती चूक. पण पठारावरची जमीन गेली, वीज शहराला गेली, पाऊसही गेला. मग तिघांचं नातं जोडायला शास्त्र लागत नाही, राग पुरतो.

आमच्या पट्ट्यातला ताजा राग ऑगस्ट २०२२चा. साध्या लोकलच्या जागी एसी लोकल आल्या म्हणून कळव्याला, बदलापूरला प्रवासी रुळांवर उतरले आणि रेल्वेला वाढवलेल्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. उकाडा वाढतोय यावर त्या गर्दीत एकाचंही दुमत नव्हतं. गारवा कुणाच्या पाससाठी, एवढंच भांडण होतं. हवामान परिषदांत यालाच बहुधा ‘न्याय्य संक्रमण’ म्हणत असावेत. कळव्याला त्याचा उच्चार वेगळा आहे.

राहिली सभा. सोलरचा विषय अभ्यास समितीकडे गेला. समितीत वरच्या मजल्याचे दोघे, आयटीतला तरुण, दुलईवाल्या ताई आणि मी. समितीने पहिलं काम म्हणून गच्चीची मोजणी करायचं ठरवलं. त्यासाठी गच्चीचं कुलूप उघडायला हवं. किल्ली सेक्रेटरींकडे असते, पण एप्रिल-मे ती पापडवाल्या काकूंकडे असते, आणि काकू म्हणतात, आधी लेखी द्या, माझ्या वाळवणावर सावली पडणार नाही म्हणून. पुढच्या सभेच्या सूचनापत्रात विषय क्रमांक ४ असा छापला आहे: ‘गच्चीची किल्ली कोणाकडे असावी, याबाबत चर्चा व निर्णय.’ या वेळी कोरमची अडचण येणार नाही, असं सेक्रेटरी म्हणतात.