तेवढं लिहून द्या

प्रत्येक सोसायटीत एक माणूस असा असतो, की त्याची गाडी सर्व्हिसिंगहून परत आली की वॉचमनसुद्धा विचारतो, "या वेळी काय राहिलं?" आमच्याकडे हा मान नानांचा. नाना स्थानिक निधी लेखापरीक्षेतून निवृत्त झाले. नोकरी संपली, लेखापरीक्षा चालू आहे. जन्मभर नगरपालिका आणि ग्रामपंचायतींची दप्तरं तपासून त्यांची अशी खात्री झाली आहे, की जगात खरं बिल नसतंच; काही बिलांवरचा आक्षेप अजून निघायचा असतो, इतकंच. त्यांची छोटी गाडी भाजीला, अंगारकीला आणि वर्षातून एकदा गणपतीपुळ्याला जाते. "गाडीपेक्षा गाडीची फाइल जास्त फिरते," असं काकू म्हणतात, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

सर्व्हिस सेंटरवाल्यांना ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाचं काही वाटत नाही. त्याची त्यांना सवय असते. तो येतो, काउंटरवर किल्ली आपटतो, "मालकाला बोलवा" म्हणतो, एखाद्या नगरसेवकाचं नाव घेतो. मग त्याला एसी केबिनमध्ये बसवतात, चहा पाजतात, वर्क्स मॅनेजर येऊन सॉरी म्हणतो आणि पुढचं वॉशिंग फुकट करून देतो. गृहस्थ विजयी मुद्रेनं घरी जातात. गाडीतला आवाजही त्यांच्याबरोबर घरी जातो.

नाना आवाज चढवत नाहीत. खिशातलं पेन काढून अतिशय अदबीनं म्हणतात, "आत्ता आपण जे बोललात ना, तेवढं लिहून द्या."

इथे घोडं पेंड खातं. कारण सर्व्हिस सेंटरचा निम्मा कारभार तोंडी असतो. "नॉर्मल आहे सर, या मॉडेलला येतोच आवाज." "ट्रायल घेतली सर, काही नाही." "पार्ट मंगळवारी शंभर टक्के येणार." बोलायला काही लागत नाही. हेच कागदावर उतरवायचं म्हटलं, की बोलणाऱ्याला आतून कुणीतरी हाक मारतं.

नानांची तयारी आदल्या संध्याकाळी सुरू होते. हातात बॅटरी आणि काकूंची नेलपॉलिशची बाटली घेऊन ते पार्किंगमध्ये उतरतात. एअर फिल्टरच्या कडेला एक लाल ठिपका, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो त्या एसी फिल्टरवर एक, स्टेपनीच्या आतल्या बाजूला एक. किलोमीटरचा आकडा, पेट्रोलचा काटा आणि डिकीतला जॅक यांचे फोटो. सकाळी ॲडव्हायझर टॅबवर जॉबकार्ड भरता भरता म्हणतो, "सर, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिन फ्लशिंग आणि एसी डिसइन्फेक्शन टाकतो. कंपनी रेकमेंडेड आहे." नाना पिशवीतून गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक काढतात. त्याला त्यांनी ब्राउन पेपरचं कव्हर घातलंय. ते पुढे सरकवून विचारतात, "कुठल्या पानावर?" ॲडव्हायझर दोन पानं उलटतो आणि तिन्ही ओळी काढून टाकतो. नानांच्या भाषेत हा 'प्राथमिक आक्षेप'. एकदा बिलात 'कन्झ्युमेबल्स' अशी ओळ निघाली, तेव्हा नक्की काय कन्झ्यूम झालं ते त्यांनी विचारलं. "चिंध्या, ग्रीस वगैरे," असं उत्तर आलं. "वगैरे किती ग्रॅम?" असं विचारल्यावर ती ओळही गेली.

पण नानांची खरी कीर्ती झाली ती गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर. गाडी चकचकीत होऊन आली. बिलात एसी फिल्टर बदलल्याचे पैसे होते. नानांनी ग्लोव्ह बॉक्स उघडून मागे हात घातला, फिल्टर बाहेर ओढला. लाल ठिपका जागच्या जागी. नातू दहावीला पहिल्या वर्गात आला तेव्हाही ते इतके खुलले नव्हते, असं काकूंनी माझ्यादेखत सांगितलं. आणि देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो: दुसऱ्या दिवशी पार्किंगच्या फरशीवर ऑइलचा डाग दिसला.

दुसऱ्या कुणी फोन केला असता. नानांनी वर्तमानपत्राचं अख्खं पान उलगडून इंजिनाच्या बरोबर खाली पसरलं. मग रात्री, पहाटे, दुपारी, संध्याकाळी जाऊन प्रत्येक नव्या ठिपक्याभोवती बॉलपेननं वर्तुळ काढलं. शेजारी तारीख आणि वेळ. ठिपका नंतर पसरतो, म्हणून त्या वेळचा व्यासही पट्टीनं मोजून लिहिला. खाली स्वतःची सही, तिच्याखाली साक्षीदार म्हणून माझी. एक ठिपका नेमका एका मंत्र्यांच्या फोटोवर पडला होता. तिथे नानांनी समासात 'राजकीय हेतू नाही' अशी टीप दिली.

शनिवारी सकाळी हे पान हायवेवरच्या सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर उलगडण्यात आलं. साक्षीदार सोबत हवा, म्हणून मलाही नेलं होतं. शनिवारची गर्दी. कॉफी मशीनपाशी ताटकळलेली माणसं हातातले कप घेऊन जवळ सरकली.

ॲडव्हायझर म्हणाला, "नॉर्मल आहे सर. ऑइल भरताना थोडं सांडतं, तेच खाली येतं."

"किती दिवस येतं?"

"दोन-तीन दिवस."

"छान. तेवढं लिहून द्या. 'ऑइल भरल्यावर दोन-तीन दिवस ठिपके पडणे नॉर्मल आहे.' खाली नाव, हुद्दा, शिक्का."

पोरगा फ्लोअर इनचार्जला बोलवायला गेला. फ्लोअर इनचार्जनं ठिपके पाहिले, वेळा पाहिल्या, मंत्री पाहिले. "सर, आम्ही फ्री टॉप-अप करून देतो."

"म्हणजे गळतंय हे मान्य?"

"तसं नाही सर."

"मग टॉप-अप कशाचं?"

कॉफीवाल्यांतून कुणीतरी "बरोबर आहे" म्हणालं. मग वर्क्स मॅनेजर आले. त्यांनी आधी नानांना केबिनमध्ये न्यायचा प्रयत्न केला, मग चहाचा. नाना वादाच्या काळात समोरच्याचा चहा घेत नाहीत. खात्यात असतानाही घेत नसत. गिऱ्हाइकाला आत फ्लोअरवर सोडत नाहीत, असं सांगण्यात आलं. तोही नियम नानांनी लेखी मागितला, आणि आम्ही दोघं आत गेलो.

गाडी लिफ्टवर चढली. एक विशीतला मेकॅनिक खाली शिरला, बोटानं चाचपलं आणि वर्क्स मॅनेजरांकडे न बघताच बोलून गेला, "चेंबरचे आटे गेलेत. ड्रेन नट गननं टाइट केलाय. वायसर पण जुनाच ठेवलाय."

झालं होतं ते असं. ऑइल काढायचा हा नट टॉर्क पान्यानं, ठरलेल्या ताणानं आवळायचा असतो. घाईच्या वेळी कुणीतरी हवेच्या गननं टर्र करून मोकळा होतो. नट पोलादाचा असतो, त्याला काही होत नाही. तो बसतो ते खालचं ऑइलचं चेंबर ॲल्युमिनियमचं असलं की आतले आटे उडतात. वायसर म्हणजे नटाखालची चकती, अगदी किरकोळ किमतीची. ती ऑइल बदलताना नवी टाकायची असते आणि नेमकी तीच वाचवली जाते. हजारो रुपयांच्या बिलात इंजिनाला खरोखर हवी असलेली सगळ्यात स्वस्त वस्तूच नसावी, ही यातली खास आपली गंमत.

वर्क्स मॅनेजर त्या पोराकडे ज्या नजरेनं बघत होते, ती नानांनी टिपली. "बाळ, शिक्षण काय?"

"आयटीआय केलंय, काका."

"छान शिकलास." नंतरच्या पत्रव्यवहारात या पोराचा उल्लेख सर्वत्र 'माहीतगार सूत्र' असा आहे. नाव कुठेही नाही.

मग गुडविलची भाषा सुरू झाली. चेंबर नवं लागेल, लेबर माफ, पार्टवर अर्धी सूट. नाना म्हणाले, "आपणच मोडायचं आणि आपणच अर्ध्या किमतीत विकायचं, याला आमच्या खात्यात वेगळा शब्द होता." तो शब्द त्यांनी सांगितला नाही. घरी येऊन पत्र टाइप केलं. विषय: वाहनाच्या सर्व्हिसिंगमधील त्रुटीबाबत. संदर्भ: जॉबकार्ड, बिल. सोबत: ठिपक्यांचा तक्ता, झेरॉक्स (मूळ प्रत मागणी केल्यास दाखवण्यात येईल).

बिंदुमाधव जोशींनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, तेव्हा नाना कॉलेजात होते, आणि त्या चळवळीत आपण मागे राहिलो ही त्यांची जुनी खंत आहे. तिची भरपाई ते पाठांतरानं करतात. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 रोजी लागू झाला. त्या लॉकडाउनमध्ये सोसायटी केक करत होती, नाना कलमं वाचत होते. आता आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, समोरच्याच्या गावाला जावं लागत नाही. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क नाही. घटनेपासून 2 वर्षांची मुदत. आधी फोन करायचा तर हेल्पलाइन 1915. हे सगळं ते लिफ्टमध्ये, तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत सांगून संपवतात. आयोगानं तक्रार 3 महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असंही कायद्यात आहे. ते सांगताना मात्र नाना स्वतःच हसतात. म्हणून त्यांचं तत्त्व वेगळं: तक्रार दाखल करायला लागली तर आपलं पत्र कच्चं होतं असं समजायचं. 2025 मध्ये टपाल खात्यानं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं, तेव्हा ते घरात कुणाशी धड बोलत नव्हते. पण पत्र स्पीड पोस्टानं गेलं तरी लागू पडलं. कंपनीच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरचा फोन आला. चेंबर, ऑइल, वायसर सगळं मोफत. फिल्टरचे पैसे परत.

इथे कुणीही आटोपतं घेतलं असतं. नानांना झाल्याबद्दलचं पत्र हवं होतं. चेंबर बसवायला अर्धा दिवस लागला, पत्राच्या मजकुराला त्याहून जास्त. सेंटरचं म्हणणं, 'ग्राहकाच्या समाधानासाठी' असं घालू. नानांचं म्हणणं, 'आमच्या चुकीमुळे' असं घाला; माझं समाधान ही तुमच्या नटाची स्थिती नव्हे. सकाळभर कागद आत-बाहेर होत राहिला. शेवटी 'कामातील अनवधानामुळे' यावर दोन्ही पक्ष आले, शिक्का उमटला आणि नाना म्हणाले, "आता चहा आणा."

निघताना ॲडव्हायझर दारापर्यंत आला. "सर, कंपनीतून फीडबॅकचा फोन येईल. दहापैकी दहा द्या हां. नऊ दिलेत तरी आमचं इन्सेंटिव्ह जातं." नाना "बघू" म्हणाले.

फोन आला तेव्हा मी त्यांच्याकडेच बसलो होतो. पलीकडून मुलीनं विचारलं, "सर, दहापैकी किती गुण द्याल?"

"साडेसात."

"सर, साडे चालत नाही."

"गाडीखाली शिरला त्या पोराला दहा, बाकीच्यांना पाच. सरासरी तुम्हीच काढा."

"सर, सिस्टिम एकच पूर्ण आकडा घेते. आठ टाकू?"

"टाका. पण त्यातला अर्धा गुण मी दिलेला नाही, अशी खाली नोंद करा."

"नोंदीचा ऑप्शन नाहीये, सर."

नानांनी चष्मा चढवला आणि खिशातलं पेन काढलं. "ऑप्शन नाही हे कुणी ठरवलं? त्यांचं नाव आणि ई-मेल सांगा. सावकाश सांगा, मी लिहून घेतोय."